टाकून दिलेले कुत्रे घरात घेताना

कौटुंबिक पानावर कुत्र्याचा विषय कशाला, असे काही वाचक बंधू-भगिनी म्हणतील. घरात मुलांच्या शाळेची फी आहे, म्हाताऱ्यांचे औषधपाणी आहे, मुलीचे स्थळ बघायचे आहे. त्यात कुत्रे कोठे बसते? परंतु आमच्या शहापूर-मुरबाडकडे गेल्या काही वर्षांत हा विषय खरोखरच घरात येऊन बसला आहे. आणि एकदा घरात आला की तो चूल, पैसा, मुलांची तब्येत आणि सासू-सुनेचे बोलणे या सगळ्यांत शिरतो. तेव्हा त्याची जागा याच पानावर आहे, असे आम्हांस वाटते.

आमचा भाग ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. शहापूर तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. मुरबाडला रेल्वे नाही, पण कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा मोठा रस्ता आहे. दोन्ही रस्त्यांना शनिवार-रविवारी मोटारींची रीघ असते. पावसाळ्यात धबधबे, एरवी फार्महाऊस, ढाबे, बंगल्यांच्या स्कीमा. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे आमच्याकडची. मुंबई आमच्याकडून पाणी नेते. बदल्यात ती आम्हांस काय काय पाठवते याची यादी मोठी आहे. त्या यादीत अलीकडे कुत्र्यांची भर पडली आहे.

गावठी कुत्र्यांबद्दल आम्ही बोलत नाही. ती आपल्या वस्तीत पूर्वीपासून आहेत, दारात पडून असतात, उरलेल्या भाकरीवर जगतात आणि रात्री परका माणूस आला की गाव जागे करतात. आम्ही बोलतो ते जातिवंत म्हणून पैसे मोजून विकत घेतलेल्या आणि मग नकोशा झालेल्या कुत्र्यांबद्दल. 2020 आणि 2021 च्या टाळेबंदीत पुष्कळ शहरी लोकांनी घरात करमणूक म्हणून पिल्ले आणली. पुढे कचेऱ्या उघडल्या, पिल्लाचे कुत्रे झाले, कोणाची बदली झाली, कोणाच्या सोसायटीत भांडण झाले. मग एका रविवारी गाडीचे दार ढाब्याजवळ उघडते आणि गाडी कुत्र्याशिवाय पुढे जाते. पॉमेरेनियन, लॅब्रेडॉर आम्ही पाहिले. आणि पूडलही पाहिले. ढाब्याच्या मागे, उष्ट्या पत्रावळींच्या ढिगाजवळ हा प्राणी बसलेला दिसला तेव्हा प्रथम कोणाला ते कुत्रे वाटलेच नाही. वस्तीतील पोरे म्हणाली, कोणाचे तरी कोकरू चुकले आहे.

पूडल हे कुत्रे आपल्या लोकांनी पाहिले ते सिनेमात. श्रीमंत बाईच्या मांडीवर, डोक्यावर गोंडा, पायांत गोंडे. त्यामुळे ते नाजूक आणि बिनकामाचे, असा समज. मूळची गोष्ट निराळी आहे. जर्मन मुलखात हे पाण्यात काम करणारे कुत्रे होते. शिकाऱ्याने बदक मारले की पाण्यात उडी घेऊन ते काढून आणायचे. त्याच्या नावातही पाण्यात डुबक्या मारण्याचाच अर्थ आहे. पुढे फ्रान्सात त्याला मानमरातब मिळाला आणि कष्टकऱ्याचा शोभिवंत पाहुणा झाला. बुद्धीने तल्लख, माणसाच्या मागे मागे राहणारे, एकटे ठेवले की झुरणारे. आणि एक महत्त्वाचे: त्याचे केस इतर कुत्र्यांसारखे झडून पडत नाहीत, ते माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. दर सहा-आठ आठवड्यांनी कापले नाहीत तर त्यांचा गुंता होतो, गुंत्याची लादी होते आणि त्या लादीखाली कातडी सडते. आमच्याकडचा पाऊस कसा असतो हे सांगावयास नको. जून ते सप्टेंबर असे कुत्रे उघड्यावर राहिले तर त्याचे काय होईल याचा विचार ज्याने त्याला सोडले त्याने केला नसावा.

ढाब्यामागच्या त्या कोकराला शहापूरजवळच्या एका बौद्ध वस्तीतील कुटुंबाने घरी नेले. नवरा बांधकामावर सेंटरिंगचे काम करतो, बायको एका शाळेत मध्यान्ह भोजन शिजवते. आठवीतील मुलगी, पाचवीतील मुलगा आणि म्हातारे तात्या, असे पाच जणांचे घर. मुलांनी तिचे नाव कापशी ठेवले, म्हणजे कापसासारखी. वास्तविक त्या वेळी ती कापसासारखी मुळीच नव्हती. मातकट, दुर्गंधी येणारी, डोळे केसांत बुडालेले. तिची थाने लोंबलेली होती. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी पाहताच सांगितले की हिची बरीच बाळंतपणे झाली आहेत. म्हणजे घरात लाडाने ठेवलेले हे कुत्रे नव्हे. पिल्ले विकणाऱ्या कोणी तरी तिला वापरली आणि उपयोग संपल्यावर सोडून दिली.

याबाबत कायदा आहे, हे आपल्या लोकांस ठाऊक असावे. कुत्र्यांची पैदास व विक्री यांचे नियम केंद्र सरकारने 2017 मध्ये केले. पिल्ले विकण्याचा धंदा करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, दीड वर्षाच्या आतील मादीपासून पैदास करू नये, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे त्यात आहे. आणि जनावर उपाशी-तहानलेले राहील अशा रीतीने टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे. आमची नोकरी कारकुनाची, कलमे वाचण्याची खोड आहे, म्हणून दंडाचा आकडाही पाहिला. पहिल्या गुन्ह्यास दंड कमीत कमी दहा रुपये आणि जास्तीत जास्त पन्नास. 1960 साली पन्नास रुपये म्हणजे पुष्कळ होते. आज तेवढ्यात त्या ढाब्यावर एक मिसळही येत नाही. असो.

कापशी घरात आली खरी, पण तात्यांनी उंबऱ्याशी हरकत घेतली. ऐंशीच्या घरातले हे गृहस्थ, जन्मभर गवंडीकाम केलेले. त्यांचे म्हणणे आम्ही त्यांच्याच शब्दांत देतो, कारण ते उडवून लावण्यासारखे नाही. "आमच्या लहानपनी गावच्या हिरीवर कुत्रं येऊन हाळातलं पानी पी. कोनी त्याला हाकललं नाय. आमी लांब उभं, कोनी वरून वतील तवा पिऊ. त्या कुत्र्याला आता माज्या घरात बशी?"

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट आपल्या घरांतील मुलांना शाळेच्या आधी कळते. कुत्री-मांजरे ज्या तळ्यावर पाणी पीत तेथे माणसांना मज्जाव होता आणि त्यासाठी 1927 साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कुत्र्याची आणि आपली तुलना ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या केली, तीही कुत्र्याला वरचढ ठरवून, त्यातल्या म्हाताऱ्या माणसाला कुत्र्याचे लाड पाहवत नसतील तर त्यात त्याचा दोष कोणता? प्राणिप्रेमाची भाषणे देणाऱ्या शहरी मंडळींच्या हे ध्यानात येत नाही. आम्हीही तात्यांशी वाद घातला नाही.

वाद घातला तो नातीने. त्यांच्या भिंतीवर, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो तो, राजगृहातील फेब्रुवारी 1934 चा फोटो आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव. कोणालाही विचारा, एवढी नावे पटापट सांगतील. सहावा मात्र कोणी सांगत नाही. तो बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. पोरीने बोट दाखवून म्हटले, "तात्या, फोटोत कुत्रा आहे की."

तात्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "बाबासायबांनी आधी राजगृह बांधलं, मंग कुत्रं ठेवलं. तुज्या बापाला म्हनावं, आधी गळका पत्रा बदल."

यावर घरातील कोणालाच उत्तर सुचले नाही. पत्रा खरोखर गळत होता. शेवटी तोड निघाली ती अशी की कापशीने मोरीजवळच्या कोपऱ्यात राहावे, तात्यांच्या खाटेकडे येऊ नये आणि तिची थाळी वेगळी असावी. वेगळी थाळी हा शब्द उच्चारताना तात्या जरासे थांबले, असे सुनेने आम्हांस सांगितले. पण बोलले काही नाहीत.

दुसरी अडचण केसांची. डॉक्टरांनी सांगितले की औषध लावायचे तर आधी सगळी लादी काढा, आत जखमा असणार. कल्याणला कुत्र्यांचे केस कापणारे दुकान आहे म्हणून फोन केला, तर त्यांनी सांगितलेली रक्कम सुनेच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी. गावातील सलूनवाला म्हणाला, माझे गिऱ्हाईक तुटेल. त्याचेही बरोबरच होते. शेजारच्या एका बाईंनी निराळेच काढले. म्हणाल्या, ही जट आहे, देवीची असेल, कापू नका. मुलींच्या डोक्यात गुंता झाला की देवीचे बोलावणे आले म्हणून त्यांची आयुष्ये उद्ध्वस्त करणारी ही समजूत आपल्या कार्यकर्त्यांनी किती घरांत जाऊन मोडून काढली आहे! ती आता कुत्र्यापर्यंत पोहोचलेली पाहून आम्हांस हसावे की रडावे कळेना. त्या बाईंना आम्ही एवढेच विचारले की देवी कुत्र्याला घेऊन काय करील? त्या स्वतःच हसल्या आणि प्रकरण मिटले.

तात्यांनी मग पेटीतून कात्री काढली. ही कात्री जुनी. तरुणपणी वस्तीतील सगळ्यांचे केस तेच कापत. गावचा न्हावी त्या काळी म्हशी भादरायचा, पण आपल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. तेव्हा ज्याच्या हाती कात्री बसली तो वस्तीचा न्हावी. तात्यांनी कात्रीला धार लावून आणली, अंगणात पोते अंथरले आणि पोरांना म्हणाले, धरा तिला. सकाळी नऊला बसले ते एकला उठले. आम्ही त्या दिवशी सुट्टी असल्याने तेथे होतो. तात्यांचा हात थरथरतो, पण कात्री कातडीला लागली नाही. जेथे गुंता घट्ट तेथे ते बोट आत घालून आधी कातडी चाचपीत आणि मग बोटाच्या वर कापीत. लादीखाली गोचीड होते, फोड होते, आणि गळ्यापाशी नायलॉनचा एक बारीक पट्टा निघाला. पिल्लू असताना बांधलेला असावा, कारण तो मांसात रुतला होता. तात्यांनी तो लगेच कापला नाही. कोमट पाणी मागितले, खोबरेल लावले, बराच वेळ थांबले आणि मग कापला. पट्टा सुटला तेव्हा कापशी ओरडली नाही. तिने तात्यांच्या मनगटावर हनुवटी टेकली.

केसांची पाटी भरली. सवयीप्रमाणे आम्ही वजन केले, सहाशे ग्रॅम भरले. आतून निघालेले कुत्रे मांजराएवढे होते.

तेव्हापासून दर दीड महिन्याने तात्या तिचे केस कापतात. लाड करीत नाहीत, नावाने हाकही मारीत नाहीत. "सरळ बस" एवढेच म्हणतात. डॉक्टरांनी रेबीजची लस टोचली, जंताचे औषध दिले आणि प्रकृती सुधारल्यावर तिची नसबंदी केली. वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, म्हणून ती आवश्यक होती. पत्राही पुढच्या मे महिन्यात बदलला. तो कुत्र्यासाठी बदलला असे मात्र घरात कोणी म्हणत नाही.

लशीचा उल्लेख आला, तेव्हा त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. लेखातील बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नये. 2009 च्या पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका पाड्यावर नऊ वर्षांच्या मुलाला कुत्रे चावले. पोटरीला दोन दात लागलेले. जखमेत तिखट भरले, वर चुना लावला, भगताने दोरा बांधला. एका दवाखान्यात नेले होते, तेथे लस संपली आहे, उद्या या, असे सांगितले. उद्या भात लावणी होती. दोन महिन्यांनी पोर पाण्याचा पेला पाहून किंचाळू लागले. पंखा लावला की घसा आवळी. त्याला जीपमध्ये घालून शहरात नेताना आम्ही सोबत होतो. तो पूर्ण शुद्धीवर होता आणि आईला सांगत होता की मला तहान लागली आहे. तिसऱ्या दिवशी तो गेला. या रोगाची लक्षणे एकदा दिसली की डॉक्टरांच्या हाती बहुधा काहीच उरत नाही. मात्र लक्षणांच्या आधी वेळेवर लस घेतली तर माणूस वाचतो. फ्रान्समधील लुई पाश्चर यांनी कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला 1885 साली ही लस टोचली आणि तो जगला. म्हणजे त्या पाड्यावरच्या पोराच्या जन्माआधी शंभराहून अधिक वर्षे माणसाजवळ हे औषध होते.

तेव्हा कुत्रे चावले, ओरखडले किंवा त्याची लाळ जखमेत गेली तर, मग ते कुत्रे घरचे असो वा दारचे, प्रथम वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. लस दंडात देतात, ठराविक दिवसांनी चार-पाच वेळा देतात, आणि एकही फेरी चुकवू नये. जखम खोल असेल तर जखमेभोवती निराळे इंजेक्शन देतात, त्याविषयी आपणहून विचारावे. लस संपली आहे असे कोणी म्हटले तर त्याच दिवशी दुसरा दवाखाना गाठावा. जुन्या माणसांच्या मनात पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आणि घरातील कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर व त्यानंतर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी लस टोचून त्याचे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावे. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याला आधी डॉक्टरकडे न्यावे, मग मुलांच्या हाती द्यावे. ते कितीही गोंडस असले तरी हाच क्रम.

मुरबाडकडची हकीकत वेगळी आहे. शहापूरहून किन्हवली, सरळगाव करीत आमचे तिकडे नेहमी जाणे होते. एका बंगल्यांच्या स्कीममध्ये एक लहान काळे पूडल मालकाने वॉचमनच्या भरवशावर ठेवले होते. मालक पहिले वर्षभर दर रविवारी येई, मग महिन्याने, मग फक्त वॉचमनच्या खात्यावर पैसे येत, मग तेही बंद झाले. वॉचमन नोकरी सोडून जाताना ते कुत्रे गावातील एका कुटुंबाला देऊन गेला. मुले हरखली. नवरा एमआयडीसीत कामाला, बायको अंगणवाडीत मदतनीस, दोघांचीही हौस होती. सासूबाईंची मात्र मुळीच इच्छा नव्हती, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते. दिवसभर घरी राहणारी तीच, कुत्रे एकटे राहू शकत नाही म्हणून मागे मागे फिरणार ते तिच्याच, घाण काढणार तीच. तिने सांगितले, रात्री घरात घेणार नाही. मग कुत्रे ओटीवर खांबाला बांधले जाऊ लागले.

आमच्याकडे बिबट्या आहे. तानसाच्या जंगलात आहे, माळशेजच्या पायथ्याला आहे, आणि कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. गावठी कुत्र्याला वास येतो, ते मोकळे असते, पळते, घराच्या आडोशाला शिरते. बांधलेले पूडल काय करणार? फाल्गुनातील एका पहाटे ओटीवर साखळी राहिली होती. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत, असे मुलांची आई सांगते. नको म्हणणाऱ्या माणसालाही जिवाची सवय झालेली असते.

या कुटुंबाला आम्ही नावे ठेवत नाही. ज्याने विकत घेतले त्याने सोडले, आणि ज्यांनी फुकट घेतले त्यांनी निदान खाऊ-पिऊ तरी घातले. परंतु हे जातिवंत कुत्रे दारातले नव्हे, हे एव्हाना आमच्या भागातील पुष्कळ घरांना उमगले आहे. गावठी कुत्र्याला अंगण पुरते. याला घराचे छप्पर लागते, माणसाची सोबत लागते, आणि कात्री लागते. यातले एक जरी देता येणार नसेल तर घेऊ नये. न घेणे हा काही गुन्हा नाही. एखाद्याला कळवून योग्य घर मिळेपर्यंत चार दिवस मोरीत ठेवले, तरी ते मोठेच काम आहे.

खर्चाचेही स्पष्ट बोलले पाहिजे. आम्ही बी.कॉम. झालो ते नोकरीत फारसे उपयोगी पडले नाही, पण घराघरांचे हिशेब मांडून देण्यास पडले. कुत्र्याच्या खाण्याचा खर्च लोक समजतात तेवढा नसतो. दुकानातील विदेशी पाकिटे आणावयाची गरज नाही. भात, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, अंडे, उकडलेले मांस-मासळीचे तुकडे, काटे काढून, बिनमिठाचे, एवढ्यावर कापशी टुणटुणीत आहे. आपल्या ताटातील उरलेले कालवण मात्र देऊ नये, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याला बाधतो. चॉकलेट व द्राक्षेही तशीच वाईट. खरा खर्च आजारपणाचा. गोचीड ताप झाला की एका आठवड्यात महिन्याचे गणित कोलमडते. म्हणून आम्ही सांगतो की घरात घेण्याआधी एक डबा ठेवा, महिन्याला जमेल तेवढे त्यात टाका, आणि तीन महिने टाकणे जमले तर मग कुत्र्याचा विचार करा. पूडल बारा-पंधरा वर्षे जगते. आज पाचवीत असलेले पोर तोवर नोकरीला लागलेले असेल.

2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात भटक्या कुत्र्यांवरून बराच खल झाला. 11 ऑगस्टला दिल्लीतील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश निघाला, 22 ऑगस्टला तो बदलून नसबंदी व लसीकरण करून, पिसाळलेली व हिंस्र सोडून, बाकीची पुन्हा त्यांच्या जागी सोडावीत असे ठरले. 7 नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, एसटी स्थानके, रेल्वे स्थानके येथून कुत्री हलवण्यास सांगितले. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा पुष्कळ झाली, परंतु 22 ऑगस्टच्या आदेशातील एक गोष्ट आमच्या मते घराघरांत सांगण्यासारखी होती. रस्त्यावरील कुत्रे ज्याला दत्तक घ्यावयाचे असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा, आणि एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे घेताना हौस दाखवून नंतर सोडून देण्याची वाट न्यायालयाने बंद केली. आमच्या ग्रामपंचायतींकडे असा अर्ज कोणी घेऊन गेला तर तो कोणत्या टेबलावर ठेवायचा यावरच आठ दिवस जातील. पण अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी.

आता एक विनंती फार्महाऊसवर कामाला असलेल्या आपल्या बंधू-भगिनींना. मालक कुत्रे ठेवून जात असेल तर लशीचे कार्ड, डॉक्टरचा नंबर आणि खाण्याचे पैसे यांबद्दल पहिल्याच दिवशी विचारा. संकोच करू नका. कुत्रे चावले तर तुमच्या मुलाला चावणार आहे, मालकाच्या नव्हे. आणि मालक यायचा बंद झाला तर कुत्रे रानात न सोडता पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा आपल्या विहारातील कार्यकर्त्यांना कळवा.

मुरबाडच्या त्या कुटुंबाची मुले पुन्हा कुत्रे मागत आहेत. योगायोगाने खर्डीजवळ एक पांढरे पूडल सापडले आहे, एका डोळ्याने अधू, वय झालेले, त्याला तात्पुरते एका शिक्षकांच्या घरी ठेवले आहे. मुलांच्या वडिलांचा फोन आला, आम्ही या रविवारी न्यायला येतो म्हणून. आम्ही विचारले, आईंचे काय म्हणणे? ते म्हणाले, विचारतो. दोन दिवसांनी सासूबाईंचाच फोन आला. म्हणाल्या, "रात्री आत घ्यायचं तर माझ्या खाटेखाली जागा आहे. पण घाण पोरं काढतील, मी नाय. आनी केसं कोन कापनार ते सांग आधी."

आम्ही तात्यांचे नाव सांगितले. भात झोडून झाला की एका रविवारी तात्यांना एसटीने सरळगावपर्यंत नेण्याचे ठरले आहे. सोबत दोन्ही घरची पोरे असतील, त्यांना कात्री धरायला शिकवण्यासाठी. तात्यांची अट एकच आहे, कात्री आपली आपण आणावी. त्यांची ते देणार नाहीत.